आपला मुलगा पीत नाही. पण तो कोणाच्या मागे बसतो?



या पाठाचा विषय वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या मनात पहिला विचार असा येईल की, हा विषय आपल्या घरचा नाही. मद्य हराम आहे, आपल्या घरात त्याला थारा नाही आणि मुलांवर तसे संस्कार आहेत. मग मद्य पिऊन वाहन चालवण्याविषयी आपल्याला सांगण्याचे प्रयोजन काय? क्षणभर हे गृहीत धरू की, तुमचा मुलगा मद्याला स्पर्शही करत नाही. अल्लाह त्याला याच मार्गावर दृढ ठेवो. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. मित्राच्या लग्नाहून मध्यरात्री परतताना तो कोणाच्या दुचाकीवर मागे बसतो? ती दुचाकी चालवणाऱ्याने काय घेतले आहे, हे त्याला ठाऊक असते का? आणि ठाऊक असले, तर तो खाली उतरतो का?

या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला खात्रीने देता येत नसेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

चंदगडचे रस्ते

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. एका बाजूस कर्नाटकातील बेळगाव जिल्हा, दुसऱ्या बाजूस सिंधुदुर्ग आणि घाट उतरताच गोवा. बेळगाव-वेंगुर्ले मार्ग शिनोळी आणि पाटणे फाट्यावरून आंबोलीकडे जातो. दुसरीकडे तिलारी घाटातून दोडामार्गमार्गे गोव्यात उतरता येते. पावसाळ्यात या घाटांत धुके असे दाटते की, समोरचे वळण दिसत नाही. पाऊस सरला की उसाचा हंगाम येतो आणि रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसालाही जेथे सावध राहावे लागते, असे हे रस्ते आहेत.

गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने ते महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते. गोव्यात विक्रीसाठी बनलेले मद्य परवान्याविना महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये गुन्हा आहे. तरीही राज्य उत्पादन शुल्क विभागाला सीमेवरील मार्गांवर वारंवार कारवाई करावी लागते. म्हणजे आपल्या भागातील तरुणासमोर मद्य तीन वाटांनी उभे राहते: पिणाऱ्या मित्राच्या रूपाने, प्यालेल्या चालकाच्या रूपाने आणि एखादी पेटी पलीकडून आणून दिल्यास चार पैसे मिळतील या प्रलोभनाच्या रूपाने. पहिली वाट टाळली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप बंद होत नाहीत.

माननीय अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्याच्या संबंधात केवळ पिणाऱ्याचाच नव्हे, तर दहा प्रकारच्या लोकांचा धिक्कार केला आहे. त्यांत मद्य गाळणारा, विकणारा, पाजणारा, ते वाहून नेणारा आणि ज्याच्यासाठी ते वाहून नेले जाते तोही आहे (तिरमिजी). पाप केवळ घशात उतरत नाही, ते हातांनी आणि वाहनांनीही केले जाते, हे या हदीसवरून स्पष्ट होते.

मोजमाप कशासाठी?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी 66.5 टक्के व्यक्ती 18 ते 45 या वयोगटातील होत्या. म्हणजे दर तीन मृतांमागे दोन जण कमावत्या वयाचे, कोणाचे तरी पुत्र, पती, पिता. यांपैकी मद्यामुळे झालेले मृत्यू म्हणून नोंदले गेलेले प्रमाण अगदी अल्प आहे. परंतु मद्याची नोंद होण्यासाठी वेळेत तपासणी व्हावी लागते. ज्या अपघातात ती होतच नाही, तो अतिवेगाच्या किंवा निष्काळजीपणाच्या सदरात जाऊन बसतो. म्हणून केवळ अपघात मोजून तरुणांच्या मनातील धोका कळत नाही. अपघात हा शेवट असतो. त्याची सुरुवात कितीतरी आधी, 'एवढ्याने काय होते' या विचारापासून झालेली असते. तो विचार मोजता आला, तर अपघाताआधी काही करता येईल.

पण मनातला विचार मोजायचा कसा? पुण्यातील एक घटना आठवा. 19 मे 2024 च्या रात्री कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा 17 वर्षांचा होता आणि त्याने मद्यप्राशन केले होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे दोषनिश्चिती हे आपले काम नाही. येथे एवढेच पाहायचे की, त्याला प्रथम जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि तिच्यावर देशभर संताप व्यक्त झाला. संतापाचे एक कारण उघड होते: दोन जिवांपुढे निबंध ही फार हलकी गोष्ट होती. दुसरे कारण आपल्या विषयाचे आहे. निबंधात कोणीही योग्य तेच लिहील. मद्य वाईट, वेग वाईट, नियम पाळावेत, हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्या निबंधावरून कळत नाही. आपल्या मदरशात, शाळेत आणि घरातही आपण पुष्कळदा असाच निबंध लिहून घेतो. 'मद्य हराम आहे ना?' असे विचारतो, मुलगा 'हो' म्हणतो आणि आपण समाधानाने झोपतो.

मनोवृत्तीचे चार भाग

मनोवृत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी यासाठी काही साधने तयार केली आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली एक सोपी मोजपट्टी मांडली. माणसाला हो-नाही विचारण्याऐवजी त्याच्यापुढे एक विधान ठेवायचे आणि 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच पायऱ्यांपैकी एक निवडण्यास सांगायचे. पुढे आइझेक आइझेन यांनी 1991 साली सविस्तर मांडलेल्या सिद्धांतानुसार कृतीपूर्वीचा संकल्प मुख्यतः तीन गोष्टींवर उभा असतो: त्या कृतीविषयी माणसाचे स्वतःचे मत, जवळच्या लोकांना ती कशी वाटते याविषयीची त्याची समजूत आणि आपण ती करू वा टाळू शकू, हा आत्मविश्वास.

आता हे आपल्या तरुणाला लावून पाहा. 'प्यालेल्याच्या गाडीवर बसू नये' हे त्याचे मत असू शकेल. परंतु मित्र हसतील, ही त्याची समजूत असेल आणि रात्री एक वाजता दुसरे वाहन मिळणार नाही, हा त्याचा अनुभव असेल, तर त्याचे योग्य मत त्याला दुचाकीवरून खाली उतरवू शकत नाही. आपण पालक बहुधा केवळ मत घडवतो. उरलेल्या दोन गोष्टी मोकळ्या सोडतो.

म्हणून स्वतःचे मत, मित्रांची समजूत, नकाराची क्षमता आणि संकल्प हे चारही भाग तपासणारी काही विधाने पुढे देत आहे. मस्जिदीच्या तरुण मंडळात, अभ्यासवर्गात किंवा घरी ती वापरता येतील. प्रत्येक विधानापुढे 1 (पूर्ण असहमत) ते 5 (पूर्ण सहमत) यांपैकी एक अंक लिहावा.

1. थोडीच घेतलेला माणूस दुचाकी नीट चालवू शकतो.
2. अंतर चार-पाच किलोमीटरचे आणि रस्ता ओळखीचा असेल, तर फारसा धोका नसतो.
3. प्यालेल्याच्या मागे बसण्यास नकार देणाऱ्याची माझ्या मित्रांत चेष्टा होते.
4. पिणे हे पिणाऱ्याचे पाप आहे. त्याच्या गाडीवर बसण्यात माझा काही दोष नाही.
5. वाटेत पोलीस नसतील, हे ठाऊक असेल तर काळजीचे कारण नाही.
6. चालक प्याला आहे हे कळल्यावर, तो वयाने मोठा असला तरी, मी त्याला नकार देऊ शकतो.
7. मध्यरात्री अडकलो तर मी न घाबरता घरी फोन करू शकतो.
8. पुढच्या वेळी दुसरे वाहन मिळाले नाही, तर मी प्यालेल्या मित्राच्या गाडीवर बसेन, असे घडू शकते.

सहाव्या आणि सातव्या विधानाचे अंक उलटे करावेत, म्हणजे 6 मधून लिहिलेला अंक वजा करावा. सर्वांची बेरीज 8 ते 40 यांच्या दरम्यान येईल. बेरीज जितकी अधिक, तितका धोका अधिक. तथापि बेरजेपेक्षा प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पाहणे अधिक उपयोगी आहे. पहिल्या दोन विधानांना सहमती अधिक असेल, तर उणीव ज्ञानाची आहे. तिसऱ्याला अधिक असेल, तर उणीव सोबतीची आहे. चौथ्याला असेल, तर दीनच्या समजेत उणीव आहे. आणि सातव्या विधानाशी मुले असहमत असतील, तर उणीव मुलांत नसून आपल्यात आहे.

सत्य सांगण्याची मुभा

आपल्या समाजात या मोजणीपुढे एक विशेष अडचण आहे. मद्याविषयी लज्जा एवढी तीव्र आहे की, मुलगा खरे सांगणार नाही. ही लज्जा हे ईमानचेच लक्षण आहे. ती नष्ट करावयाची नाही. पण खरी स्थितीही कळली पाहिजे. म्हणून उत्तरपत्रिकेवर नाव नसावे, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून केवळ अंक लिहावेत आणि पत्रिका बंद पेटीत टाकाव्यात. कोणाची पत्रिका कोणती, याचा शोध कोणीही घेऊ नये. दिव्य कुरआनने सूरह अल्-हुजुरातमध्ये (49:12) श्रद्धावंतांना दुसऱ्याच्या दोषांचा माग काढण्यास मनाई केली आहे. दिलेले उत्तर ही अमानत आहे.

सर्वांत नाजूक प्रश्नासाठी 1965 साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या कल्पनेवर आधारित एक युक्ती वापरता येते. प्रत्येकाने एकांतात नाणे उडवावे. मग एकच विधान वाचावे: 'माझे नाणे छाप पडले, किंवा गेल्या वर्षभरात मी प्यालेल्या चालकाच्या वाहनावर बसलो, या दोहोंपैकी किमान एक गोष्ट खरी आहे.' ते खरे असेल तर 'हो' लिहावे, नसेल तर 'नाही'. 'हो' लिहिणाऱ्याचे नाणे कसे पडले, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्याची अब्रू सुरक्षित राहते आणि त्याला खोटेही बोलावे लागत नाही. समजा, 60 तरुणांपैकी 39 जणांनी 'हो' लिहिले. छाप पडणारे सुमारे 30 असणार. उरलेल्या 30 मधून 9 'हो' आले, म्हणजे साधारण दर दहांमागे तिघे. गट लहान असेल तर हा आकडा केवळ अंदाज मानावा. परंतु 'आपल्यात असे कोणी नाही' हा भ्रम दूर होण्यास तेवढाही पुरेसा आहे. येथे काही पणाला लावलेले नसल्याने यात जुगाराचा अंश नाही.

शरीर काय सांगते, कायदा काय सांगतो

पहिल्या दोन विधानांना सहमती देणाऱ्या तरुणाला माहिती द्यावी लागेल. मद्य प्रथम हातपाय लटपटवत नाही. ते प्रथम निर्णयशक्तीवर आघात करते. म्हणून प्यालेल्या माणसाला स्वतःविषयी 'मी ठीक आहे' असे प्रामाणिकपणे वाटते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर कापते. ब्रेक दाबण्यास केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तरी वाहन आठ मीटर पुढे गेलेले असते. घाटातील वळणावर आठ मीटर म्हणजे रस्ता आणि दरी यांमधील अंतर. यकृत रक्तातील मद्य ठरावीक गतीनेच कमी करते, साधारण तासाला 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅम. कोरी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात 120 मिलिग्रॅम प्रमाण आहे, त्याला 30 पर्यंत येण्यास सुमारे सहा तास लागतील.

हा 30 चा आकडा मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 मधील आहे. 2019 च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलम 188 अन्वये अशा गुन्ह्यास प्रोत्साहन वा साहाय्य देणाराही त्याच शिक्षेस पात्र ठरतो. प्यालेल्या मित्राच्या हाती किल्ली देणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. कलम 199-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. नववीतल्या मुलाला कौतुकाने दुचाकी देणाऱ्या बापाने हे कलम आधी वाचावे.

परंतु कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम असली, तरी श्रद्धावंताची मर्यादा शून्य आहे. ज्याचे अधिक प्रमाण नशा आणते, त्याचे अल्प प्रमाणही निषिद्ध आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे (अबू दाऊद, तिरमिजी). 'थोडीच घेतली आहे' या सबबीला इस्लामने जागाच ठेवलेली नाही. आणि सूरह अल्-बकरामध्ये (2:195) आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई आहे. चालक शुद्धीत नाही हे ठाऊक असूनही मागे बसणारा तरुण, आपण स्वतः प्यालो नाही, या समाधानाने त्या आज्ञेतून सुटू शकत नाही. सूरह अल्-माइदाने (5:2) पापाच्या कामात परस्परांस साहाय्य न करण्याचा आदेश दिला आहे. चौथ्या विधानाचे उत्तर त्यात आहे.

मन आधी, मनाई नंतर

आता मोजमापानंतरचे काम. दिव्य कुरआनने मद्याचा प्रश्न कसा हाताळला, ते पाहा. प्रथम सांगितले की, त्यात काही लाभ असला तरी त्याचे पाप लाभाहून मोठे आहे (2:219). नंतर नशेत असताना नमाजजवळ जाण्यास मनाई केली (4:43). शेवटी त्यास सैतानी घाण ठरवून त्यापासून सर्वस्वी दूर राहण्याचा आदेश दिला (5:90-91). माननीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, आरंभी जन्नत आणि जहन्नमची आठवण देणारी वचने अवतरली, अगदी पहिल्यांदाच मद्याची मनाई आली असती, तर लोकांनी ती मानली नसती (बुखारी). अंतःकरणे तयार झाल्यावर जेव्हा अखेरचा आदेश आला, तेव्हा माननीय अनस (रजि.) पाहुण्यांना मद्य वाढत होते. बाहेर घोषणा ऐकू आली आणि ते मद्य तत्क्षणी ओतून देण्यात आले. मदीनेच्या गल्ल्यांतून ते वाहिले (बुखारी). तेथे तपासणी नाके नव्हते, श्वास तपासणारे यंत्र नव्हते. मन बदलले होते.

आणि तरुणाशी बोलावे कसे? एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले आणि विचारले की, हे तुझ्या आईविषयी तुला आवडेल का? मग मुलीविषयी, बहिणीविषयी, आत्या आणि मावशीविषयी विचारले. प्रत्येक वेळी तो 'नाही' म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्या अंतःकरणाच्या शुद्धीसाठी दुआ केली (मुस्नद अहमद). तरुणाच्या मनात काय आहे ते प्रश्नातून बाहेर आले आणि प्रश्नातूनच बदलले. आपल्या मुलालाही असेच विचारता येईल: 'प्यालेला माणूस तुझ्या बहिणीला मागे बसवून तिलारी घाट उतरणार असेल, तर तू बसू देशील का?' तो 'नाही' म्हणेल. 'मग तुझ्या आईचा मुलगा तरी का बसावा?' यापुढे व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणि ज्याच्याकडून चूक झाली आहे, त्याचे काय? मद्यपानाबद्दल शिक्षा भोगलेल्या एका माणसाला लोक शाप देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले आणि आपल्या बंधूविरुद्ध सैतानाचे साहाय्यक होऊ नका, असे बजावले (बुखारी). शिक्षा झाली, पण दार बंद झाले नाही.

शेवटचा प्रश्न पालकांना

म्हणून सातव्या विधानाकडे पुन्हा वळतो. रात्रीचा एक वाजला आहे. पाटणे फाट्यावर तुमचा मुलगा उभा आहे. त्याला आणणारा मित्र प्यालेला आहे. मुलाच्या हातात फोन आहे. त्याने फोन केला तर 'कोणाच्या संगतीत गेला होतास?' हा तुमचा पहिला प्रश्न असेल, हे त्याला ठाऊक आहे. तो फोन खिशात ठेवतो आणि मागे बसतो. त्याला मृत्यूपेक्षा तुमचे अधिक भय वाटले. हे भय संस्कार नव्हे.

आज जेवताना त्याला एवढेच सांगा: 'बाळा, कोणत्याही रात्री, कोठूनही फोन कर. मी येईन. त्या रात्री एक शब्दही विचारणार नाही. जे बोलायचे ते सकाळी, फज्रनंतर, शांतपणे बोलू.' आणि मग हे वचन पाळा. सूरह अत्-तहरीममध्ये (66:6) स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना अग्नीपासून वाचवण्याचा आदेश आहे; त्या आदेशाचे पालन कधी उपदेशाने होते, तर कधी मध्यरात्री अंथरुणातून उठून गाडी काढण्याने.

रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. प्यालेल्या चालकाच्या हातून किल्ली काढून घेणे, ही आजच्या काळातील त्याच शाखेची एक फांदी समजा.

अल्लाह आपल्या मुलांच्या बुद्धीचे, त्यांच्या रस्त्यांचे आणि त्यांच्या सोबतीचे रक्षण करो. आणि आपली घरे अशी करो की, रात्री कोणत्याही प्रहरी फोन करण्यास त्यांना संकोच वाटू नये. आमीन.